लेखनिक, यंत्र आणि मोर्तब : अपंगांच्या स्वतंत्र लेखनाचा एक मराठी प्रश्न

मुंबईच्या उपनगरांपैकी एकाचे नाव ‘भांडुप’ असे लिहावे की ‘भांडूप’, याविषयी छापील व्यवहारात एकवाक्यता आढळत नाही. मराठी लेखनाच्या रूढ नियमाप्रमाणे शब्दाच्या अंती अकारान्त अक्षर असता त्यापूर्वीचा उकार दीर्घ असावयास पाहिजे. परंतु ग्रामनामे नियमापुढे नेहमीच मान तुकवितात असे नाही. ऐकणाऱ्यास हा वाद जाणवतही नाही. नाव उच्चारले असता कानावर एकच ध्वनी पडतो आणि लिहिणारा जो उकार निवडील तो कागदावर उतरतो. बोलणारा व लिहिणारा एकच असेल तर ही निवड त्याची. ती चुकली तरी त्याचीच. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल, तर मात्र त्या उकाराचे कर्तृत्व कोणाचे, असा प्रश्न उद्भवतो. ज्याचा हात लेखणी धरू शकत नाही किंवा ज्याचे डोळे कागद पाहू शकत नाहीत, त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा राहत नाही. त्याची उत्तरपत्रिका, त्याचा अर्ज, त्याचे खाजगी पत्र या सर्वांशी तो निगडित असतो.

बोललेले शब्द ऐकून ते लिहून देणारे संगणक-साधन आता मराठीतही उपलब्ध झाले असून त्यायोगे अपंग व्यक्तींना लेखनिकावाचून लिहिता येऊ लागले आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. (शासनव्यवहारात आज ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे, जुना शब्द येथे केवळ इतिहासाच्या सलगतेसाठी योजला आहे.) हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. लेखन स्वतंत्र केव्हा झाले हे ठरविताना लेखणी कोणाच्या हाती होती एवढेच पाहून चालत नाही. लिहिलेले तपासण्याची, ते दुरुस्त करण्याची आणि अखेर त्यावर मोर्तब करण्याची सोय कोणाकडे होती, हे पाहावे लागते. या दृष्टीने पाहिले असता यंत्राचा इतिहास लेखनिकाच्या इतिहासापासून तोडता येत नाही.

सांगणारा व लिहिणारा निराळे असण्याची पद्धत मराठीस नवी नाही. ज्ञानेश्वरीचा लेखक म्हणून शके १२१२ मध्ये सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या शेवटीच नोंदले गेले. तुकोबांचे अभंग उतरून घेणारे चाकणचे संताजी जगनाडे वारकरी परंपरेत आदराने स्मरले जातात. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही कथा तर सर्वतोमुखी आहे; पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत ती मूळ संहितेतून वगळून परिशिष्टात गेली असली, तरी तिच्यातील अट विचार करण्याजोगी आहे. अर्थ कळल्यावाचून लिहावयाचे नाही, असे व्यासांनी लेखनिकाकडून कबूल करून घेतले होते. लेखनिक हा केवळ हात नव्हे, तो समजून घेणारा कान आहे, ही जाणीव त्या अटीत स्पष्ट दिसते.

समजून घेणाऱ्या कानावर पाळत कशी ठेवावयाची, याचे उत्तर मराठी दप्तराने शोधून काढले होते. कारकुनाने मोडीत पत्र उतरावे, ते वाचून दाखवावे, आणि मजकूर संपला तेथे मोर्तबाचा लहान शिक्का उमटावा, म्हणजे त्यापुढे कोणास अक्षर वाढविता येऊ नये. बाळाजी आवजी चिटणिसांविषयीची आख्यायिका याच संदर्भात वाचली पाहिजे. सांगितलेले पत्र लिहावयाचे राहून गेले असता चिटणिसांनी कोऱ्या कागदावरून ते शिवाजीमहाराजांस घडाघडा वाचून दाखविले आणि मशालजीस हसू आल्यामुळे प्रकार उघडकीस आला, अशी ती कथा. चिटणिसांच्या स्मरणशक्तीचे कौतुक म्हणून ती सांगितली जाते. पण तिचा दुसरा अर्थ असा की, जो स्वतः कागद पाहत नाही त्याला कोरा कागद आणि लिहिलेला कागद यांत भेद करता येत नाही. मशालजी हसला नसता तर?

ही शंका ज्याच्या बाबतीत रोजचीच होती असा एक मोठा मराठी ग्रंथकार विदर्भात होऊन गेला. गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली. अमरावती जिल्ह्यातील माधान येथे वाढलेल्या या प्रज्ञाचक्षु पुरुषाने अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात मराठी, संस्कृत व हिंदीत शंभराहून अधिक लहानमोठी प्रकरणे रचली. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घ्यावयाचे आणि आपले म्हणणे दुसऱ्यांकडून लिहवून घ्यावयाचे, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी ‘नावंग’ नावाची एक स्वतंत्र भाषाही रचली, ही गोष्ट भाषाभ्यासकांस विशेष कुतूहलाची वाटेल. जो दुसऱ्याच्या हाताने लिहितो त्याला आपल्या शब्दांचा आकार डोक्यातच पक्का करून ठेवावा लागतो. त्यांच्या ग्रंथांतील युक्तिवादाची घट्ट बांधणी काही अंशी या लेखनपद्धतीतून आली असावी, असे अनुमान करावयास जागा आहे. तथापि शिष्यवर्ग भोवती असलेल्या सत्पुरुषाची ही सोय सामान्य अंध मुलास कोठून लाभणार?

त्या मुलासाठी मुंबईत जी व्यवस्था उभी राहिली ती बोटांची होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधांसाठी शाळा काढली. १९०२ मध्ये ताडदेव येथील व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा सुरू झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय अंध संघटना मुंबईतच स्थापन झाली. ब्रेलचे महत्त्व वाचनापुरते मानण्याकडे अनेकांचा कल असतो. वस्तुतः लेखनाच्या इतिहासात तिचे स्थान याहून मोठे आहे. पाटी आणि टोचणी घेऊन उजवीकडून डावीकडे ठिपके उमटवावयाचे, कागद उलटावयाचा आणि आपणच लिहिलेले आपल्याच बोटांनी वाचावयाचे. ऱ्हस्व कोठला व दीर्घ कोठला, हे बोटास कळते. मोर्तब स्वतःकडे राहते. उणीव एवढीच, की ज्याच्याकडे तो कागद जावयाचा त्या परीक्षकास किंवा कचेरीस ब्रेल येत नसते. म्हणून परीक्षेच्या दालनात लेखनिक कायम राहिला.

परीक्षेतील लेखनिकाचा इतिहास हा संशयाचा इतिहास आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उमेदवारास ब्रेलमध्ये, संगणकावर, किंबहुना उत्तरे ध्वनिमुद्रित करूनही परीक्षा देण्याचा पर्याय शक्यतो असावा असे म्हटले होते, आणि ताशी किमान २० मिनिटे अधिक वेळ देऊ केला होता. २९ ऑगस्ट २०१८ च्या सुधारित सूचनांनी उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावे असे ठरविले. हेतू उघड आहे : लेखनिकाने स्वतःचे ज्ञान उत्तरपत्रिकेत ओतू नये. पण याचा परिणाम असा की, पदव्युत्तर विद्यार्थ्याने सांगितलेली परिभाषा ती न शिकलेल्या माणसाच्या कानातून जाते. उत्तर सांगताना प्रत्येक संज्ञेची अक्षरे फोडून सांगावी लागली, तर त्या जादा २० मिनिटांचे काय होते हे वेगळे सांगावयास नको. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडण्याची व्याधी असलेल्या उमेदवारास केवळ त्याचे अपंगत्व ४० टक्के या मर्यादेत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. हक्काचे क्षेत्र यामुळे रुंदावले. लेखनिकाच्या कानाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

यंत्राच्या कानाची हकीकत परदेशात सुरू होते आणि तिचा आरंभीचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे ‘ऑड्री’ हे यंत्र परिचित आवाजातील इंग्रजी अंक ओळखू लागले. आयबीएमने १९६२ च्या सिॲटल प्रदर्शनात मांडलेले यंत्र १६ शब्दांपर्यंत पोहोचले. जेम्स व जॅनेट बेकर या दांपत्याच्या ड्रॅगन कंपनीने १९९० मध्ये विक्रीस आणलेल्या श्रुतलेखन-साधनाची किंमत ९,००० डॉलर होती आणि त्यापुढे प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलावे लागे. तरीही ज्यांचे हात चालत नव्हते अशांनी ते वापरले. अखंड बोलणे उतरून घेणारी सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये आली. या साधनांचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. यंत्र ध्वनीचे बारीक तुकडे पाडून त्यांवरून संभाव्य शब्द शोधते आणि अनेक संभाव्य शब्दांतून मागच्यापुढच्या संदर्भात जो अधिक वेळा येतो तो निवडते. म्हणजे तेही ऐकते कमी आणि अनुमान अधिक करते. व्यासांची अट त्याला लागू करता येत नाही. अर्थ कळो न कळो, ते थांबत नाही.

मुंबईत या विद्येचा आरंभ कुलाब्यास झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव व त्यांचे सहकारी यांनी वाणीच्या यांत्रिक अभ्यासात दीर्घकाळ काम केले. हिंदी बोलणे ओळखणाऱ्या त्यांच्या प्रणालीचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकने शासनाच्या राजभाषा विभागासाठी ‘श्रुतलेखन’ हे साधन तयार केले, तेही हिंदीचे. मराठीच्या वाट्याला यंत्राचा कान आला तो बाजारभावाच्या निमित्ताने. २०१० नंतरच्या काळात केंद्र शासनाच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांत एक योजना राबविली गेली : शेतकऱ्याने दूरध्वनीवर पिकाचे व बाजारपेठेचे नाव उच्चारावे आणि यंत्राने भाव सांगावा. तिच्यातील मराठीचे काम पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने व कुलाब्याच्या संस्थेने केले आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज जमविले गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषा आणल्या, आणि जे साधन इंग्रजीत एकेकाळी हजारो डॉलरांस मिळत होते ते मराठीत मोबाइलवर विनामूल्य येऊन पडले. ही दोन्ही कामे अपंगांसाठी झालेली नव्हती. पहिले शेतकऱ्यासाठी होते. दुसरे, ज्याला कळफलकावर मराठी लिहिणे जड जाते अशा कोणाही माणसासाठी. अपंगांचा त्यात लाभ झाला तो ओघाने.

ओघाने मिळालेल्या वस्तूचे माप दुसऱ्याच्या अंगावरचे असते. मुंबई महानगरपालिकेच्या ज्या ‘एस’ विभागाचे कार्यालय भांडुप येथे आहे, त्याच विभागात पवईही मोडते. एका बाजूस वाणीचे संशोधन चालते ती संस्था. दुसऱ्या बाजूस कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेली भांडुपची कामगारवस्ती, जीत कोकणातून आलेल्या कुटुंबांची मालवणी, घाटावरून आलेल्यांची देशी बोली आणि मूळ गावठाणातील आगरी-कोळी वळणे शेजारीशेजारी नांदत आली. या वस्तीतील एखादी मुलगी श्रुतलेखन करू लागली, तर यंत्राने पूर्वी कोणाचे आवाज ऐकले आहेत यावर तिच्या लेखनाचे यश अवलंबून राहणार. या बाबतीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. मायक्रोसॉफ्टच्या व पवईच्या अभ्यासकांनी ग्रामीण श्रमिक, शहरी श्रमिक आणि विद्यापीठीय विद्यार्थी अशा ३६ व्यक्तींकडून १०९ तासांचे मराठी वाचन ध्वनिमुद्रित केले, आणि श्रमिकांचे मुद्रण विद्यार्थ्यांच्या मुद्रणाइतकेच उपयुक्त ठरते असे दाखवून दिले. बोलींचा प्रश्न सुटू शकतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पण जिचे उच्चारच स्नायूंच्या व्याधीमुळे अस्पष्ट असतात तिचा प्रश्न याहून कठीण आहे. मेंदूच्या पक्षाघातात पुष्कळदा हात आणि वाणी दोन्ही एकदमच बाधित होतात. ज्याला या यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्याचाच आवाज यंत्रास कळत नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांनी आपले आत्मकथन एका करंगळीने कळा दाबून लिहिले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या इंग्रजी पुस्तकास ‘वन लिटल फिंगर’ हेच नाव दिले. तेथे यंत्राचा कान नव्हे, तर संथ पण स्वतःची असलेली करंगळीच उपयोगी पडली. अस्पष्ट वाणीचे नमुने जमविण्याचे मोठे प्रयत्न गूगलने २०१९ मध्ये व अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये हाती घेतले, ते इंग्रजीपासून. मराठीत हे काम करावयाचे तर ते भाषाशास्त्र विभागांच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक अडचण ग्रंथांत सहसा नोंदली जात नाही. लेखन ही निःशब्द क्रिया आहे. भांडुपच्या डोंगरउतारावरील एका खोलीच्या घरात वहीवर लिहिणारी व्यक्ती काय लिहिते हे शेजारच्या माणसास कळत नाही; तीच व्यक्ती मोठ्याने सांगू लागली की घर ऐकते, भिंतीपलीकडचे घरही ऐकते. लेखनिक एक होता, येथे श्रोते अनेक झाले. शिवाय नळाची वेळ, कुकरची शिट्टी, लोकलचा आवाज हे यंत्राच्याही कानात शिरतात ते वेगळेच. बहिणीविषयीची तक्रार मैत्रिणीस लिहावयाची असेल आणि बहीण खोलीतच बसलेली असेल, तर या साधनाचा उपयोग शून्य.

आता भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास असे दिसते की, मराठीच्या काही विशेषांनी यंत्रास अडविले नाही आणि ज्यांनी अडविले त्यांची चर्चा कमी झाली. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे, यांतील तालव्य-दंततालव्य भेद कानास कळतो पण लिपीत उतरतच नाही. तेथे यंत्र चुकूच शकत नाही. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचे मराठी उच्चार सारखे आणि लेखन भिन्न. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ यांतील भेद आघाताचा, घाईच्या बोलण्यात निसटणारा. मेजवानीच्या वृत्तान्तात गुरुजी आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल व्हावयास तेवढे पुरते. प्रत्ययांची रास हा आणखी एक विशेष : ‘घर’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनासुद्धा’ अशी एकाच शब्दाची अगणित रूपे होत असल्यामुळे शब्दांची यादी कितीही मोठी केली तरी ती अपुरी पडते.

याहून सूक्ष्म प्रश्न प्रमाणलेखनाचा आहे. मराठी माणूस ‘मी काम केलं’ असे बोलतो आणि औपचारिक लेखनात ‘केले’ असे लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीही ‘केलं’ हे रूप संवादापुरते राखले. शिकलेला लेखनिक ‘केलं’ ऐकून नकळत ‘केले’ लिहितो, आणि हे साहाय्य आहे याची कोणास जाणीवही होत नाही. यंत्र ऐकले तसे लिहिते, किंवा कधी एक, कधी दुसरे. त्यामुळे श्रुतलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तर बोलताना ग्रांथिक मराठीच बोलावी लागते. विचार एका भाषेत करावयाचा, जीभ दुसऱ्या भाषेत चालवावयाची आणि अधूनमधून ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ म्हणावयाचे! सरावाने हे साधते. पण साधावे लागते, ही गोष्ट परीक्षेचा वेळ ठरविणाऱ्यांनी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

दुरुस्तीपाशी आले की लेखनिक आणि यंत्र यांतील खरा फरक उघड होतो. अल्पशिक्षित लेखनिकाची चूक बहुधा चुकीसारखीच दिसते, वाचणारा थबकतो. यंत्राची चूक हा नेहमी एक शुद्ध शब्द असतो, फक्त सांगणाऱ्याचा नसतो. ती शोधून काढावयास संपूर्ण मजकूर पुन्हा वाचावा लागतो, आणि सापडली तरी खोडावयाची कशी? गूगलच्या दस्तऐवज-साधनात मराठी बोलून लिहिता येऊ लागले. मात्र शब्द निवडणे, खोडणे, बदलणे यांच्या तोंडी आज्ञा इंग्रजीपुरत्या ठेवण्यात आल्या. ज्याचे हात निकामी आहेत अशा मराठी लेखकाला आपली चूक पडद्यावर लख्ख दिसते आणि ती दुरुस्त करावयास त्याला घरातल्या कोणास तरी हाक मारावी लागते.

अंध लेखकाची स्थिती याच्या उलट आहे. त्याचे हात चालतात, कळफलक त्याला येतो, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी साधने त्याच्यापाशी असतात. २००६ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी आरंभिलेले एनव्हीडीए हे तर विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. पण यंत्राने लिहिलेले यंत्राने वाचून दाखविले म्हणजे ‘दिन’ काय आणि ‘दीन’ काय, कानास पुन्हा एकच ध्वनी ऐकू येतो. लेखन तपासण्यासाठी ज्या कानाचा आधार घ्यावयाचा, तोच कान या ठिकाणी बहिरा आहे. एकेक अक्षर व मात्रा सुटी करून ऐकण्याची सोय या साधनांत आहे. परंतु दहा पानांच्या निबंधास ती लावू गेल्यास रात्र सरते. कोऱ्या कागदावरून वाचणाऱ्या चिटणिसांची गोष्ट येथे नव्या रूपाने परत येते, आणि या वेळी मशालजीही नाही.

उपाय आहे तो जुन्याच ठिकाणी. संगणकास जोडता येणाऱ्या ब्रेल-पट्टीवर पडद्यावरील ओळ ठिपक्यांत वर येते आणि पुढची ओळ मागितली की ठिपके बदलतात. बोलून लिहावयाचे आणि बोटांनी तपासावयाचे, अशी जोड तिच्यामुळे शक्य होते. या पट्टीची किंमत सामान्य कुटुंबास परवडणारी नाही, आणि आवाजाची साधने आल्यावर ब्रेल शिकविण्याची निकड उरली नाही असे मानणाऱ्यांची संख्याही लहान नाही. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व उकाराचे ठिपके १, ३ व ६ आणि दीर्घ ऊकाराचे १, २, ५ व ६ असे आहेत. ‘भांडुप’ लिहिले गेले की ‘भांडूप’, हे त्या पट्टीवर बोट फिरविणाऱ्यास दुसऱ्या कोणास न विचारता कळते, आणि त्यांतील कोणते ठेवावयाचे हेही त्याचे तोच ठरवू शकतो.